पाचव्या महिन्यातला अर्ज

डायलिसिसच्या खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळे सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे, हे सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी प्रत्येकाला सांगायची. मग सोडून दिलं. ज्याच्या हातात आता दोन जाड सुया जाणार आहेत, त्या माणसाला आपल्या हुद्द्याचं नाव समजावण्यात काही अर्थ नसतो. पुण्याची नऊ वर्षांची नोकरी सोडून परभणीला आले तेव्हा सिस्टरची 'मंदाताई' झाले. ते मला बरं वाटलं.

काम काय असतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण आणि अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. मग आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास, माणसाचं रक्त एका नळीतून थोडं थोडं बाहेर काढायचं, वीतभर लांबीच्या गाळणीतून फिरवायचं आणि दुसऱ्या नळीने परत आत सोडायचं. त्या गाळणीत रक्ताच्या शेजारून, अतिशय पातळ पडद्याआडून, पाणी वाहत असतं. रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. एका माणसाच्या एका वेळच्या डायलिसिसला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागतं. बघायला आलेल्या नातेवाइकांना मशीन दिसतं, सुया दिसतात, रक्त दिसतं. पाणी कुणाला दिसत नाही. ते मागच्या खोलीत असतं. तिथे टाक्या, पंप आणि गाळण्या. त्यातली एक टाकी कोळशाची. पाण्यातलं क्लोरीन त्या कोळशात अडकतं. आपण पितो ते क्लोरीनचं पाणी पोटात गेलं तर काही होत नाही. गाळणीच्या पडद्याआडून ते रक्ताला भिडलं, तर रक्त फुटतं, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटून त्याचा दाटपणा जातो.

इतर खात्यांत पेशंट येतो, बरा होतो किंवा होत नाही, पण जातो. आमच्याकडे तो येतच राहतो. तोच वार, तीच खाट, कधीकधी चार-पाच वर्षं. त्यामुळे कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, कोणाचा जावई पुण्याला आहे, सगळं आम्हाला ठाऊक. हमीदचाचा म्हणून एक शिंपी होते. मशीन सुरू केलं की डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "बेटी, आज तुमारे मशीन का टाका ढीला है." पुष्कळदा खरंच काहीतरी सैल निघायचं. त्यांच्या शेजारच्या खाटेवर नरहरीकाका. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळासमोर त्यांचं हार-नारळाचं दुकान. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्याची मुभा असते. दोन डायलिसिसच्या मध्ये किती वजन वाढलं त्यावरून आम्हाला त्याची चोरी कळते. नरहरीकाका काट्यावर चढायच्या आधी चपला काढायचे, चष्मा काढायचे, खिशातल्या किल्ल्या काढून बायकोच्या हातात द्यायचे, आणि मग श्वास रोखून उभे राहायचे. तरी काटा तीन किलो जास्तच दाखवायचा.

"काका, किती पाणी प्यालात?"

"एक घोट."

"तीन किलोचा घोट?"

"ताई, तहान काय चीज हाय ते तुमाला कळायचं न्हाई," असं म्हणून ते हसायचे. त्यांची बायको, सुलाबाई, किल्ल्या मुठीत धरून माझ्याकडे बघत राहायची, जणू चोरी तिनेच केलीय.

या खोलीत खरं राज्य होतं गंगाधरमामांचं. दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणायची पद्धत. गंगाधरमामा वॉर्डबॉय म्हणूनच आले होते. नळ्या धुता धुता, बघता बघता सगळं शिकले आणि चौदा वर्षांत परभणीत त्यांच्यासारखा सुई लावणारा माणूस नव्हता. डिप्लोमा नव्हता, दहावीही नव्हती. डायलिसिससाठी हातातली एक शीर ऑपरेशन करून मोठी केलेली असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत भुंगा फिरल्यासारखी थरथर लागते. मामा बोट ठेवायचे, मग कान लावायचे, आणि पेशंटला म्हशीचं विचारता विचारता सुई गेलेली असायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीच्या हातावर माझ्या दोन सुया चुकल्या. पुण्याच्या नऊ वर्षांचा ताठा तिथेच उतरला. मामा आले, त्यांनी तिसरी लावली आणि म्हातारीला म्हणाले, "ताई नव्या हायत आजी. हात तुमचा जुना हाय." मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पाण्याची खोलीही त्यांनीच मला दाखवली. रोज सकाळी पहिलं मशीन लागायच्या आधी कोळशाच्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी काढून त्यात औषधाचे थेंब टाकायचे असतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. तो आकडा रजिस्टरात लिहून सही करायची. मामांनी स्टीलचा पेला भरला, नाकाशी नेला, घोटभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं आणि रजिस्टरात शून्य लिहिलं.

"मामा, थेंब?"

"थेंबाची बाटली कवा आसती, कवा नसती. नाक रोजचं हाय." मग म्हणाले, "कुणाला बोलू नका बरं का ताई. तुमी घरच्या म्हणून दाखवायलोय."

मी हसले. नाही बोलणार म्हणाले.

माझ्या पाचव्या महिन्यात आमचे इन्चार्ज नोकरी सोडून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. बाहेरचा माणूस घेण्याआधी आतल्यांपैकी कोणाला पाहिजे असेल तर अर्ज करावा, अशी नोटीस हजेरीच्या टेबलावर लागली. मी पुण्याची नोकरी सोडली होती ती परभणीजवळच्या झरीला माझ्या वडिलांना, दादांना, अर्धांगवायू झाला म्हणून. आई नाही, भाऊ नाही. मुलगी झरीच्या शाळेत घातली होती. नवऱ्याची नोकरी पुण्यातच, तो महिन्यातून एकदा यायचा. माझी शिफ्ट बहुतेक वेळा दुपारची असायची, ती संपून झरीला पोचेपर्यंत दादा अंधारात नुसते पडलेले असायचे. शेजारची बाई भरवून जायची, पण त्यांना कुशीवर वळवायला कोणी नसायचं. इन्चार्जला कायम सकाळची शिफ्ट असते. दिवसाउजेडी घरी जाता येतं. मी अर्ज केला तो त्यासाठी. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पुण्यात नऊ वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. नोटीस वाचताना 'इन्चार्ज' या शब्दापुढे मी मनात माझं नाव लावून पाहिलं आणि ते मला आवडलं.

मामांना मी आधी विचारलं होतं. "मामा, तुम्ही अर्ज करणार का?"

ते नळ्या धूत होते. "आमाला कोण इचारायलंय? तुमी करा. तुमी शिकल्याल्या हाव."

मी ते शब्द जसेच्या तसे घेतले. माणूस असं बोलतो तेव्हा आणखी एकदा विचारायचं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आठवड्याने डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. ते आणि व्यवस्थापक असे दोघे होते. माझा डिप्लोमा बघितला, पुण्याचा अनुभव बघितला. मग साहेबांनी टेबलावरचा दुसरा कागद माझ्याकडे सरकवला. मामांचा अर्ज होता. अक्षर दुसऱ्या कोणाचं तरी, खाली मामांची वाकडी सही, आणि तिच्याखाली सगळ्या पेशंटच्या सह्या नि अंगठे. पहिली सही हमीदचाचांची, उर्दूत. दुसरी नरहरीकाकांची. मागाहून कळलं की पेशंटनीच मामांना धरून बसवून तो अर्ज करायला लावला होता.

साहेब म्हणाले, "चौदा वर्षं आहे तो इथे. तुम्हाला पाच महिने झालेत. पेशंटना तो हवाय. तुम्हाला का द्यावं, सांगा."

मी सांगितलं. शिक्षण, मोठ्या दवाखान्याचा अनुभव, इंग्रजीत रिपोर्ट लिहिता येतो. साहेब ऐकत होते, पण बोटं त्या सह्यांच्या कागदावर वाजत होती. हातातून जातंय असं मला दिसलं. वडिलांचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण ते भीक मागितल्यासारखं वाटलं. आणि मग मी म्हणाले, "सर, मामांचा हात चांगला आहे. पण पाण्याच्या रजिस्टरात ते रोज शून्य लिहितात ते तपासून नाही लिहीत. वासावरून लिहितात."

साहेबांची बोटं थांबली.

"वासावरून?"

"हो सर. आणि चवीवरून."

व्यवस्थापकाने लिहून घेतलं. मी जे बोलले त्यात चुकीचं काहीही नव्हतं. पेशंटच्या जिवाचा प्रश्न होता, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. पण मी ते पाच महिने बोलले नव्हते आणि नेमकं त्या खुर्चीत बसून बोलले.

दोन दिवसांनी मला पत्र मिळालं. मामांनाही मिळालं, समज दिल्याचं. पाण्याच्या खोलीत त्यांनी यापुढे जायचं नाही, ते काम इन्चार्जने स्वतः करायचं, असं त्यात होतं. दुपारी मामा आले, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या मॅडम."

पाच महिने 'ताई' होते. त्या दिवसापासून मॅडम झाले. बाकी त्यांनी काही केलं नाही. काम तसंच चोख, वेळेवर. विचारलं तेवढ्याचं उत्तर. पूर्वी सुई लावताना माझी कोपर वाकडी झाली तर ते नुसतं बोटाने हलवून द्यायचे. तेही बंद झालं. पेशंट मला तोंडावर काही म्हणाले नाहीत. हमीदचाचा मात्र मशीनच्या आवाजाबद्दल माझ्याशी बोलायचे थांबले. काही सैल वाटलं तर ते मामांना हाक मारायचे.

मी घरी दिवसाउजेडी जाऊ लागले. दादांना उन्हं उतरल्यावर अंगणात खुर्चीत बसवायची. ते बोलू शकत नव्हते, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे बघायचे. असे सात आठवडे मिळाले. होळीच्या आधी दादा गेले. दिवस उरकून कामावर परत आले तेव्हा वाटलं, आता हे पद सोडून द्यावं. ज्यासाठी घेतलं ते कारणच उरलं नाही. पण तोवर टेबलावर माझ्या नावाची पाटी आली होती, नवीन रजिस्टरं मी आखली होती, आणि मामांना ते द्यायचं म्हणजे काय तोंडाने बोलायचं हेही कळत नव्हतं. राहू दिलं.

एप्रिल संपता संपता दवाखान्याची बोअर आटली आणि टँकर सुरू झाले. टँकरवाला कुठून भरून आणायचा ते कोणी विचारत नव्हतं. पाणी येतंय हेच नशीब.

तो दिवस मे महिन्यातला. सकाळी पावणेसातला मी पाण्याच्या खोलीत गेले. पेल्यात पाणी काढलं, थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं, निवळशंख. शून्य लिहिलं, सही केली. वळले तर दारात मामा. ते आत आले नाहीत, आत यायचं नव्हतंच त्यांनी. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले,

"मॅडम, पाण्याला वास यायलाय."

"मामा, थेंब टाकलेत. शून्य आहे."

ते पेल्याकडे बघत राहिले. मीही पेला उचलून नाकाशी नेला. वास होता. हे मी आज लिहू शकते. नळाला सकाळी पहिलं पाणी येतं तेव्हा येतो तसला वास होता. साफसफाईच्या मावशीने नुकतीच फरशी पुसली होती, तिच्या बादलीतल्या औषधाचा असेल, असं मी मला सांगितलं. ज्या नाकावरून मी त्या माणसाची तक्रार केली होती, त्याच नाकाचं ऐकून सहा पेशंटना घरी पाठवायचं आणि साहेबांना कारण द्यायचं, हे माझ्याच्याने झालं नाही.

"फरशीचा असेल," मी म्हणाले.

मामा "बरं," म्हणाले आणि गेले.

सातला आम्ही चार मशीनं लावली. दोन पेशंट यायचे होते. अर्धा तास झाला असेल. नरहरीकाका म्हणाले, "ताई, कंबरंतून कळ यायलीय." मी खाट सरळ केली. ते म्हणाले, "छातीवर कुणीतरी बसल्यावाणी व्हायलंय." मला वाटलं, ब्लडप्रेशर उतरलं. ते आमच्याकडे रोजचं असतं. मी पट्टा गुंडाळून हवा भरत होते, तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून मामा ओरडले, "नळी बघा! मंदाताई, नळी बघा!"

अंगात परत जाणाऱ्या नळीतलं रक्त दाट, गडद असतं. त्यातून पलीकडचं दिसत नाही. नरहरीकाकांच्या नळीतलं रक्त डाळिंबाच्या रसासारखं दिसत होतं. नळीमागची चादरीची रेघ मला त्यातून दिसली.

मामांनी धावत येऊन चिमटे लावले. पंप बंद केले, काकांचा, मग हमीदचाचांचा, मग बाकीच्या दोघांचे. "रक्त परत सोडू नका, हाय तिथंच ऱ्हाऊ द्या," ते सांगत होते. मला ते शिकवलेलं होतं, पुण्यात परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, पण माझे हात हलत नव्हते. हमीदचाचा "या अल्लाह, कंबर" एवढंच म्हणत होते. सुलाबाई दारात आली होती. तिच्या मुठीत किल्ल्या होत्या.

चौघांनाही रक्त चढवलं. तिघं सावरले. नरहरीकाकांचं हृदय आधीच थकलेलं होतं. ते अतिदक्षता विभागात राहिले आणि नवव्या दिवशी गेले. कागदावर कारण हृदयविकाराचं. ते खोटं नव्हतं.

दवाखान्याने आतल्या आत चौकशी केली. टँकरवाल्याने पाण्यात ब्लीचिंग पावडर अंदाजाने, मुठीने टाकली होती. कोळशाच्या टाकीतला कोळसा केव्हाच बदलायला हवा होता. आधीच्या इन्चार्जनी तसं लिहिलेला कागद फाइलीत होता, मी तो वाचलेला नव्हता. आणि थेंबांच्या बाटलीची मुदत तीन महिन्यांमागे संपली होती. शिवाय ती खिडकीत, उन्हात ठेवलेली. तिथे ती मीच ठेवली होती, हाताशी असावी म्हणून. ते औषध मेलेलं होतं. कसल्याही पाण्यात टाकलं असतं तरी रंग आला नसता.

घटनेचा अहवाल इन्चार्जने लिहायचा असतो. मी लिहिला. बाटलीचं लिहिलं, कोळशाचं लिहिलं, टँकरचं लिहिलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. सात वाजायच्या आधी गंगाधर यांनी वास येत असल्याचं सांगितलं होतं, हे एक वाक्य मी लिहिलं नाही. मामांनाही साहेबांनी बोलावलं. बाहेरच्या बाकावर बसून मी वाट बघत होते की आता हे सगळं निघेल. दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी विचारलं, "तुला आधी काही जाणवलं होतं का?" मामा म्हणाले, "मला काय म्हाईत न्हाई साहेब. पाण्याचं काम माज्याकडं नव्हतं." शेवटी कोणा एकावर जबाबदारी ठेवता येत नाही असं ठरलं. कोळसा बदलला, बाटली बदलली.

तेराव्यानंतर सुलाबाई आली. हातात थर्मास. त्यात बर्फ आणि बर्फात चार इंजेक्शनं. रक्त वाढायची, काकांसाठी घेऊन ठेवलेली. "राह्यली होती घरात," ती म्हणाली. "बर्फात घालून आणलीत, नासली नसतील. कुणा गरिबाला द्या. तुमी लय केलं त्यांचं." मी इंजेक्शनं घेतली, फ्रिजमध्ये ठेवली, रजिस्टरात नोंद केली. ती बाकावर बसली, मग थर्मासातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी झाडाला ओतून येते म्हणाली, ओतून आली आणि निघून गेली.

मी साहेबांना पद सोडते म्हणाले. ते म्हणाले, "आता तुमच्याइतकं पाण्याकडे दुसरं कोण बघणार?" ते बरोबर ठरलं. पुढची दोन वर्षं मी रोज सकाळी थेंब टाकत होते, बाटलीची तारीख वाचत होते, आणि पेला नाकाशीही नेत होते. जिल्ह्यातून लोक आमची पाण्याची व्यवस्था बघायला यायचे. मी चांगली इन्चार्ज झाले. हे सांगायला लाज वाटते, पण ते झालं.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, पेशंटनी मिळून दिलेलं घड्याळ. हमीदचाचा तेव्हा होते, त्यांनी मामांना सदरा शिवून आणला होता. सगळं आटोपल्यावर मामा नळ्या धुवायच्या खोलीत आपला डबा घ्यायला गेले. मी मागोमाग गेले. दोन वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

"मामा, त्या दिवशी साहेबांना तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

ते डबा रुमालात बांधत होते. "सांगितलं आसतं तर त्यांनी मलाच इचारलं आसतं. वास आला हुता तर मशीन का लावली? चार मशीनी लागल्या, त्यातल्या दोन माज्या हातानं लागल्या."

"पण तुम्ही मला सांगितलं होतं."

"एकदा सांगितलं." त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "पहिल्यासारखं आसतं तर मी तुमच्या हातातून पेला घेऊन वतून दिला आसता. नळ बंद केला आसता. भांडलो आसतो. त्या दिवशी मी बरं म्हणलो. मला वाटलं, जाऊ द्या. दोन पेशंट थंडीनं कुडकुडतील, उलट्या करतील, साहेब हिला बोलतील. बाई जरा खाली यील. येवढंच वाटलं हुतं मला. नरहरीअण्णा जातील आसं न्हाई वाटलं."

त्यांनी डबा उचलून काखेत घेतला.

"माज्या सासुरवाडीचा माणूस," मामा म्हणाले. "मीच त्येला हितं आणला हुता."

मी म्हणाले, आपण दोघं पोखर्णीला जाऊ. सुलाबाईला सांगू. त्यांनी मान हलवली. "मला न्हाई जमायचं मंदाताई. तुमी बी जाऊ नका."

त्याच महिन्यात मी पद सोडायचा अर्ज दिला. या वेळी साहेबांचं ऐकलं नाही. नंतर ती नोकरीही सोडली. आता मी दुसऱ्या गावी एका लहान केंद्रात साधी टेक्निशियन आहे. तिथे पुढच्या जागेसाठी मला दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. या लेखातली नावं बदलली आहेत.

पोखर्णीला मी गेले. एका मंगळवारी, दुपारच्या बसने. देवळासमोर फारशी गर्दी नव्हती. सुलाबाई दुकानात हार ओवत बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, बसायला पोतं टाकलं. मी तिला सगळं सांगितलं. अर्जाचं, पेल्याचं, वासाचं, बाटलीचं, अहवालात न लिहिलेल्या वाक्याचं. मामा दारात येऊन बोलले, तेही. ते का गप्प बसले, ते मात्र सांगितलं नाही, कारण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. ऐकता ऐकता तिचे हात थांबले आणि मग पुन्हा चालू लागले.

मग ती म्हणाली, "त्यांला कळलं हुतं का? पाण्यानं व्हायलंय म्हणून?"

"नाही. त्या वेळी कुणालाच कळलं नव्हतं."

"लय दुखलं का?"

मी खोटं बोलणार होते. नाही बोलले. "हो," म्हणाले. "अर्धा तास."

तिने दोरा दाताने तोडला. "दोन वर्सांनी कशापाई सांगायलाव मला?"

"राहवलं नाही, सुलाबाई."

"तुमाला ऱ्हावलं न्हाई," ती म्हणाली. "मला तर नीट झोप लागायली हुती आता."

एक गिऱ्हाईक आलं. तिने त्याला नारळ निवडून दिला, हार दिला, सुटे पैसे दिले. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोराला सांगू नका. त्यो तापट हाय. जा आता."

मी उठले. परतीची बस जिथे थांबते ती जागा तिच्या दुकानाच्या बरोबर समोर आहे, रस्त्याच्या पलीकडे. बसला तासभर अवकाश होता आणि दुसरीकडे उभं राहावं अशी जागा नव्हती. मी तिथेच उभी राहिले. ती हार ओवत होती. आमच्या मध्ये फक्त रस्ता. बराच वेळ गेला. मग ती उठली, दुकानाच्या छपराला उन्हासाठी गुंडाळून ठेवलेलं गोणपाट होतं त्याची दोरी सोडली, आणि माझ्या बाजूने ते खालपर्यंत सोडून दिलं.

ऊन त्या बाजूला नव्हतं.